दुसरा सांधा

॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम)
९ जून २०२४

तीर्थरूप सौ. मनोरमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तू म्हणशील, या भवानीचा फोन बिघडला की डोकं? डोकंच, ताई. पण दुरुस्तीला टाकलंय.

गेल्या थंडीत भाजी मार्केटात माझी छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या आल्या आणि मी कोथिंबिरीच्या टोपलीशेजारी बसकण मारली, हे तुला माहीतच आहे. दोनदा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, बाई, हृदय घोड्यासारखं आहे, आता जरा मनाचं बघा. म्हणून स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर संचिता मॅडम बसतात, त्यांच्याकडे जातेय. मन मोकळं करायचं, बस. रडले तर रुमालसुद्धा त्याच देतात.

त्यांनी मला मोजायला लावलं. एका दिवसात मी तुला सहा फोन केले होते आणि सहाही वेळा एकच विचारलं होतं, तू बरी आहेस ना. मॅडम म्हणतात ही खाज आहे, खाजवाल तेवढी वाढणार. तेव्हा आजपासून फोन बंद. सलोनीने तुझ्याशी खुशाल बोलावं, मी फोन हातात घेणार नाही. मी पत्र लिहायचं, ते एक रात्र कपाटात ठेवायचं, सकाळी पुन्हा वाचायचं आणि तरीही तेच म्हणायचं असेल तर पेटीत टाकायचं. शिवाय एक वही दिलीय. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, उलट पुरावा काय, असे चार रकाने. मनात आलं म्हणजे ते खरं झालं असं नाही, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कोणीतरी सांगितलं बघ. पण त्यांनी हेही बजावलंय, की अंगात खरोखर काही दिसलं तर आधी डॉक्टर, मग वही.

जितेशच्या कारखान्यात नवं पॉलिशचं मशीन आलंय, त्यामुळे घरी येतो तो चकचकीत होऊन. सलोनी बारा वर्षांची झाली आणि उंचीने मला गाठायला आलीय. भाऊजींना नमस्कार सांग.

आहे तेवढी माया राहू दे, चेष्टा थोडी कमी कर.

तुझी,
संपदा

॥ श्री ॥
पालशेत, ता. गुहागर
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. संपदास,
अ. उ. आ.

तुझी चार पत्रं पोचली. पोस्टमन विचारत होता, मुंबईहून कोण वारलं काय. म्हटलं, नाही रे बाबा, आमची धाकटी रोज वारते, त्याचा खुलासा येतो.

मनाला डॉक्टर! आपल्या सात पिढ्यांत कोणाच्या मनाला डॉक्टर लागला नाही गो. गोठ्यातलं शेण काढलं की मन जाग्यावर यायचं. तुझ्याकडे गोठा नाही, हीच काय ती अडचण. तुझ्या मॅडमबाईंना म्हणावं, आठ दिवस इकडे पाठवा हिला, लावणीत कमरेपासून वाकली की छातीची धडधड कुठल्या कुठे जाईल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय? आणि त्या ब्रह्मराक्षसासाठी चार रकान्यांची वही! हसून हसून मला ठसका लागला.

पण फोन बंद केलास हे झकास केलंस. केवढी शांतता आहे घरात. हे असंच चालू दे.

अक्षर तिरकं आलंय ते चालवून घे, लावणीने हात भरून आलाय. आणि हो, शेजारचा धर्माजी तुमच्या भाईंदरला भावाला भेटायला येतोय, त्याच्याबरोबर आईची एक पाटली सलोनीसाठी पाठवलीय. दुसरी तिच्या लग्नात देईन. माझं अंग हल्ली भरलंय, उजव्या हातातली पाटली बसेना झाली. पन्नाशीनंतर बाईने फुगायचं नाही तर काय करायचं? लगेच वहीत लिहू नकोस.

गणपतीला सलोनीला पाठव. तू येऊ नकोस. तुला मेलीला रिक्षातून मीरा रोडपर्यंत जायचं म्हटलं तरी घाम फुटतो, वाटेत घाटात काही झालं तर जितेशरावांनी तुला सांभाळायचं की पोरीला?

माझा लोभ आहेच, तुला थोडी अक्कल येवो.

मनोरमा

॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम)
२५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धर्माजीदादा येऊन गेले, पाटली मिळाली. हे पत्र मी एक नाही, तीन रात्री कपाटात ठेवलंय.

ताई, या पाटलीला एक सांधा आहे, तो मला पाठ आहे. मी नऊ वर्षांची होते. सोनार घरी आला होता आणि त्याने आईच्या सुजलेल्या उजव्या हातातून पाटली कातरून काढली. मी दाराआडून बघत होते. मी तुला विचारलं, आईचा हात असा का झाला. तू एकवीस वर्षांची. तू म्हणालीस, वेडे, आईचं अंग भरलंय, ती बरी होतेय, उगाच घाबरू नकोस. मी अंगणात जाऊन खेळले. अकराव्या दिवशी आई गेली. काखेतली गाठ तिने वर्षभर लपवली होती, हे मला लग्न झाल्यावर कळलं. पुढे तू ती पाटली सांधून घेतलीस आणि तुझं लग्न दोन वर्षं पुढे ढकलून मला वाढवलंस. ते मी विसरत नाही.

पण आता पाटलीला दोन सांधे आहेत. एक जुना, काळसर. त्याच्यासमोर दुसरा, नवा, अजून चकाकणारा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझ्याही हातातून कोणीतरी ती कातरून काढलीय.

मी वही घेऊन बसले. मनात आलं, ताईला आईचंच दुखणं झालंय. पुरावा : दुसरा सांधा, उजवाच हात, तिरकं अक्षर, आणि अंग भरलंय हे तेच शब्द. उलट पुरावा : पस्तीस वर्षं मी तुला मनातल्या मनात मारतेय आणि तू एकदाही मेली नाहीस. मॅडमना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हे वहीत सुटणारं नाही, ताईंनाच सरळ विचारा, एकदाच विचारा आणि उत्तर स्वच्छ आलं तर तिथे थांबा.

तर एकदाच विचारतेय. तुझ्या काखेत किंवा छातीत गाठ आहे का? हो की नाही, एवढंच लिही. तू लिहिशील ते मी खरं मानीन. मला माझ्या मनावर भरवसा ठेवता येतो की नाही, ते आता तुझ्या उत्तरावर आहे. हो असेल तर मी रडणार नाही, इथे तुझी डॉक्टरची वेळ घेईन.

सलोनी आणि जितेश पाच तारखेला निघतायत. उत्तर त्यांच्याबरोबर दे.

चेष्टा केलीस तरी चालेल, पण खरं सांग.

तुझी,
संपदा

॥ श्री ॥
पालशेत
१३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. संपदास,
अ. उ. आ.

नाही. नाही. नाही. तीनदा लिहिलं, तुझ्या तीन रात्रींना एकेक.

लाज नाही वाटत? मी हौसेने आईचा दागिना पाठवला आणि तू सोनाराचं भिंग लावून बसलीस. विहिरीच्या रहाटात हात गेला, पाटली वाकडी झाली, तुझ्या भाऊजींनी ती कापून सरळ करून आणली. झालं समाधान? का आता रहाटाचा कार्डिओग्राम काढायचा?

आज मनातलं सगळं सांगते. तू लहानपणापासून अशीच. आईच्या अंथरुणाशी येऊन ते घाबरं तोंड करून उभी राहायचीस. आई दुखण्याने गेली नाही एवढी तुझ्या त्या तोंडाने खचली. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. आता तेच तोंड घेऊन तू सलोनीपुढे वावरतेस. पोर करपेल तुझ्यापायी. जितेशराव देवमाणूस म्हणून टिकलेत, दुसरा असता तर माहेरी आणून घातलं असतं. आणि माहेरी आहे कोण? मीच!

तुला पुरावा हवा ना? घे. काल गौरी-गणपती पोचवायच्या आधी, आरती झाल्यावर, मी सलोनीला पुढ्यात घेतलं आणि गणपतीसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की मला काहीही झालेलं नाही. जितेशराव साक्षीला होते, विचार त्यांना. पोटच्या पोरीसारख्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलेल का गो? लिही तुझ्या चौथ्या रकान्यात.

मोदक पाठवलेत. सलोनीने कळ्या पाडल्या आहेत, तुझ्यापेक्षा बऱ्या.

आता पुन्हा हा विषय काढलास तर पत्र न फोडता बंबात घालीन. लोभ कर, पण दुरून.

मनोरमा

॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम)
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफ कर. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, पण तिसऱ्या दिवशी वही काढली आणि त्या पानावर आडवी रेघ मारली. सलोनीच्या डोक्यावरची शपथ, यापुढे कसला पुरावा मागायचा? जितेशलाही विचारलं. तो म्हणाला, ताई चौरंगासमोर ठणठणीत उभ्या होत्या, खांद्यावरून पदर घेतलेल्या, आवाज गावभर ऐकू जाईल असा.

आईबद्दल लिहिलंस ते मात्र लागलं. खरं असेल. मी आता घाबरं तोंड करत नाही.

आणि ऐक, रेघ मारल्यापासून मला खरंच बरं वाटतंय. म्हणजे इतकी वर्षं माझं मनच खोटारडं होतं ना, एकदा ते पकडलं की झालं. परवा मी एकटी बसने इकडच्या किनाऱ्याजवळच्या डोंगरीपर्यंत जाऊन आले! वाटेत छाती धडधडली, तिला म्हटलं, तू ताईच्या बाबतीतही खोटं बोलली होतीस, गप्प बस. बसली गप्प. येताना सुके बोंबील घेऊन आले. जितेशने ते वर्तमानपत्रात बातमी आल्यासारखे शेजाऱ्यांना दाखवले.

मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तरी ताईंना एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही.

सलोनी तिकडून आल्यापासून एकदम मोठी झालीय. कमी बोलते. मला वेणी घालू देत नाही, आपली आपण घालते. डोक्याला कोणी हात लावलेला आवडत नाही तिला. म्हटलं, वय आहे.

राग सोड आणि माझ्यावर पूर्वीसारखी ओरड.

तुझी,
संपदा

॥ श्री ॥
पालशेत
२० एप्रिल २०२५

चि. सौ. संपदा हिस,
अ. उ. आ.

तुला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. घरात लिहिणारी आणि बोलणारी तुझी ताईच, मी आपला मान डोलावणारा. तिला न सांगता लिहितोय, फोनवर बोललो असतो तर तिने ऐकलं असतं.

तिचा उजवा हात खांद्यापासून उचलत नाही. पंधरा दिवसांपूर्वी भात गाळताना पातेलं हातातून सुटलं, तेव्हा माझं ऐकून चिपळूणला आली. डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. छातीतली गाठ आहे, काखेत उतरलीय, आता हाडात गेलीय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं की इतके दिवस काय करत होतात. गेल्या गणपतीत आणलं असतं तरी पुष्कळ करता आलं असतं, असं ते म्हणाले.

मला माहीत होतं. पाटली मीच सोनाराकडून कातरून घेतली. रहाट वगैरे काही नव्हतं. ती म्हणाली, संपीला कळलं तर ती आधी मरेल, एवढं तिचं काळीज नाही. तिने मला गप्प बसवलं आणि मी बसलो.

आणखी एक सांगायला हवं. सलोनीला माहीत आहे. गणपतीत तुझी ताई तिच्याकडून पाठीची हुकं लावून घेत होती, तेव्हा पोरीने हात आणि काख बघितली. तिने विचारलं. ताईने सांगितलं की आईला बोललीस तर आईचं हृदय बंद पडेल. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच डोक्यावर हात ठेवला.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला तोंड नाही.

महिपत

॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम)
२६ एप्रिल २०२५

सौ. मनोरमाताईस,

नमस्कार.

भाऊजींचं पत्र आलं. त्यांच्यावर ओरडू नकोस, घरात एक माणूस उशिरा का होईना खरं बोललं.

मी सलोनीला जवळ बसवून विचारलं. ती आधी माझी नाडी बघायला लागली, ताई. बारा वर्षांची मुलगी, मनगटावर दोन बोटं ठेवून आकडे मोजत होती, माझं हृदय बंद पडतंय का ते बघायला. मग रडली. सात महिने ती रोज शाळेतून धावत येत होती, मी जिवंत आहे का बघायला. आणि स्वतःच्या डोक्याला कोणी हात लावू देत नव्हती, कारण खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घेतात ते माणूस जातं, हे तिला तुझ्या आळीतल्याच बायकांनी सांगितलंय. शपथ खोटी आहे हे तुझ्या आणि भाऊजींखेरीज त्या घरात आणखी कोणाला माहीत होतं? ती ज्या डोक्यावर घेतली त्या पोरीला! तुझा हात डोक्यावर होता तेव्हा ती काय विचार करत असेल, हे तू एकदा तरी मनात आणलंस का?

मला नऊ वर्षांची असताना फसवलंस, त्याबद्दल मी मनाची समजूत घातली. तू एकवीस वर्षांची होतीस, घरात मरण होतं, तुझ्यावर सगळं पडलं होतं. पण छप्पन्नाव्या वर्षी कसलं निमित्त? एका मुलीला जन्मभराचं भय लावून तुझं पोट भरलं नाही, म्हणून दुसरीला लावलंस. आता आमच्या घरात वह्या दोन आहेत. एक माझी, एक सलोनीची. संचिता मॅडम म्हणाल्या, लहान मुलांना चार रकाने जमत नाहीत, दोनच आखा.

आणि माझं म्हणशील तर ऐक. पस्तीस वर्षांत माझं मन एकदाच खरं बोललं होतं. एकदाच! त्यावर तू माझ्याच हाताने रेघ मारून घेतलीस. मी त्या रेघेचा पेढा वाटल्यासारखा आनंद केला, डोंगरीला जाऊन बोंबील आणले. तू ते पत्र वाचलंस, हात सुजलेला असताना वाचलंस आणि गप्प राहिलीस. माझं काळीज एवढंसं आहे म्हणून तू लपवलंस असं भाऊजी लिहितात. खोटं. तुला माझ्यापुढे आजारी दिसायचं नव्हतं. घाबरट मी आणि खंबीर तू, हे उलटलेलं तुला चालणार नव्हतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तू ठरवलंस.

आता मी ठरवलंय. बारा मेला मी तुला न्यायला येतेय. एकटी येतेय, धडधडलं तर धडधडू दे. मुंबईच्या डॉक्टरची तेरा तारीख घेतलीय. तू माझ्या घरी राहशील. तुला आंघोळ घालीन, भरवीन, हुकं लावीन. माफ करणार नाही. दोन्ही एकदम करता येतं.

त्याआधी तुझं एकच काम आहे. सलोनीला तुझ्या हाताने लिही. काय लिहायचं ते तुझं तू बघ. ते आल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही.

संपदा

ता. क. नियमाप्रमाणे पत्र एक रात्र कपाटात ठेवलं. सकाळी चहा झाल्यावर पुन्हा वाचलं. एकही शब्द बदलत नाही.

॥ श्री ॥
पालशेत
५ मे २०२५

चि. सलोनीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, चार दिवस लागले. लागेल तसं वाच.

मी शपथ खोटी घेतली. तुला ते तेव्हाही माहीत होतं आणि तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी डोळे मिटून घेतले, देवासाठी नव्हे, तुझ्याकडे बघवेना म्हणून. त्या शपथेने तुला काही होणार नाही. ज्याने खोटं केलं त्याला होतं आणि मला झालंय. पण हे मी सांगतेय म्हणून तू खरं धरू नकोस. माझ्या बोलण्याला आता किंमत नाही, ती मीच घालवली. तुझ्या आईला विचार. ती भित्री आहे पण तिने आजवर कोणाला फसवलेलं नाही.

तिचं हृदय बंद पडणार नाही. तिच्या डॉक्टरने ते घोड्यासारखं आहे असं सांगितलंय, तिने मला मागेच लिहिलं होतं. मी ते वाचून हसले होते. नाडी मोजू नकोस.

तिला हेही वाचून दाखव. आजी तिच्या तोंडामुळे खचली असं मी लिहिलं होतं. आजी शेवटपर्यंत संपी कुठे आहे, असं विचारत होती आणि मी तिला अंगणात खेळायला पाठवलं होतं. खोलीत येऊ दिलं नाही ते मी.

ती येईल तेव्हा मी काही बोलणार नाही, ती म्हणेल तसं करीन. तिला म्हणावं, आधी स्वतःची छाती तपासून घे. आईला होतं, मला आहे. हे वहीत लिहायचं नव्हे, डॉक्टरकडे जायचं. आणि ती पाटली तू घालू नकोस, मोडून टाका.

वेणी आईकडून घालून घे.

तुझी मावशी